निचऱ्याचा कॉक

ठोका योगिताला आधी दातांत जाणवला आणि मग कानांत. धुलाईघराच्या छताखालून गेलेला वाफेचा पाइप आतून कुणी घण घातल्यासारखा हादरला, वळणाजवळचा लोंबता क्लॅम्प किणकिणला आणि प्लॅस्टरची चिमूटभर भुकटी खाली उभ्या असलेल्या दगडाबाईंच्या पदरावर पडली. सकाळचे दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. योगिताचा हात आपोआप वर गेला. दारात उभ्या असलेल्या धुळाजी फिटरनं तो हात पाहिला आणि बॉयलरघराकडं तोंड करून ‘बंद’ म्हणून हाळी दिली. तिकडं अजिनाथनं मोठा व्हॉल्व्ह फिरवायला घेतला असेल-नसेल, तोच दुसरा ठोका पडला, पहिल्याहून मोठा. मग काहीच नाही. धुण्याच्या नव्या यंत्राशी जमलेल्या सहा बायका एकमेकींकडं पाहत राहिल्या. योगितानं त्यांना बाहेर जायला सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका शांत होता, की तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

बीडमध्ये बार्शी नाक्याच्या पलीकडं एका ट्रस्टचं रुग्णालय उभं राहिलं होतं, त्याच्या मागच्या अंगाला हे धुलाईघर. रुग्णालयाच्या इमारतीतली वीज एकाकडं, पाणी दुसऱ्याकडं, थंड हवा तिसऱ्याकडं; वाफ योगिताकडं. बॉयलरपासून इथपर्यंत एकशेचाळीस फूट पाइप, त्यावरची वळणं, उतार, आधार, दाब उतरवायची आणि तो वाढला तर सोडून द्यायची सोय, सगळं तिनं स्वतः कागदावर मांडलं होतं. सहा वर्षं दुसऱ्यांच्या नकाशांवर काम केल्यानंतर कोपऱ्यात तिचं एकटीचं नाव असलेला हा पहिलाच नकाशा होता. आज दुपारपर्यंत चाचणी संपवून ‘वापरास सुरक्षित’ या ओळीखाली तिनं सही करायची होती. चार वाजता पाहुणे येऊन यंत्राचं बटण दाबणार होते, आणि उद्यापासून या सहा बायका रोज आठ तास त्या पाइपाखाली उभ्या राहणार होत्या.

भीती वाटायला हवी होती. तिला वाटलं ते भलतंच होतं. छातीत काहीतरी लख्ख पेटलं. परीक्षेत प्रश्न वाचता वाचताच उत्तर दिसावं, तसं तिला त्या पाइपाच्या पोटातलं दिसत होतं. हे पाणी. थंड लोखंडात वाफ शिरली की तिचं पाणी होतं, ते पाइपाच्या तळाशी साचतं, मागून ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं वाफ येते आणि त्या पाण्याचा गोळा करून पुढं फेकते. सरळ पाइपात तो धावत राहतो. वळणावर त्याला वळता येत नाही. लोखंड फोडण्याइतका मार त्या बादलीभर पाण्यात असतो, आणि फुटलेल्या जागेतून मग जे बाहेर येतं ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पांढरं दिसतं ती वाफ निवल्यानंतरची, खरी वाफ बिनरंगी असते. हे सगळं तिला पाठ होतं. पण पुस्तकातला ठोका आणि हा ठोका यांत, नुसत्या नावात आणि माणसात असतं तेवढं अंतर होतं. पाणी साचलं होतं. कुठं, आणि का?

धुळाजीनं शिडी लावली होती आणि तो वर चढायला लागला होता. शेवटच्या वळणाच्या अलीकडं पाइपाला खाली एक आखूड पोकळ पाय काढलेला होता, साचलेलं पाणी त्यात उतरावं म्हणून. आणि त्या पायाच्या तळाशी निचऱ्याचा छोटा कॉक. पुढं आपोआप पाणी सोडणारा ट्रॅपही होता, पण सुरुवातीला पाइपात दाब नसतो, त्यामुळं ट्रॅपला पाणी ढकलता येत नाही. म्हणून थंड पाइप तापेपर्यंत तो कॉक हातानं उघडा ठेवायचा, अशी टीप तिनंच नकाशात लिहिली होती. खालूनही दिसत होतं. कॉकची दांडी आडवी होती. बंद.

‘हात लावू नका,’ ती म्हणाली. धुळाजीचा हात दांडीपासून वीतभर लांब थांबला.

आत अजून वाफ आणि पाणी एकावर एक बसलेलं होतं. आता कॉक उघडला तर ते पाणी हलणार, हललं की वाफ त्यात झटक्यानं विरणार, आणि तिसरा ठोका धुळाजीच्या तोंडासमोर पडणार. तिनं त्याला खाली उतरवलं. दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत आणि पाइपाला उघडा हात लावता येईपर्यंत कुणी आत जायचं नाही, असं तिनं सांगितलं. अजिनाथच्या अंदाजानं पंचवीस मिनिटं. तिनं घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं बसून राहायचं म्हटल्यावर तिच्या पायांना उभं राहवेना. ती व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालू लागली आणि डोक्यात एकशेचाळीस फूट पाइप फूटफूट तपासू लागली. उतार बरोबर होता, शंभर फुटाला एक फूट, वाफ जाते त्या दिशेनं. तो तिनं काल धुळाजीच्या पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीनं स्वतः मोजला होता. यंत्राकडं जाणारी फाटी पाइपाच्या वरच्या अंगानं काढलेली होती, खालच्या नाही. यावरून पहिल्या आठवड्यात धुळाजीचं आणि तिचं वाजलं होतं. धुळाजी चौसाळ्याचा, आयुष्यभर विहिरीपासून शेतापर्यंत कोसकोस पाइपलाइनी टाकलेला माणूस. पाणी खालून काढायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. वरून कावून काढायचं, असं त्यानं तीन दिवस विचारलं आणि चौथ्या दिवशी, खालून काढली तर साचलेलं पाणीही यंत्रात जाईल हे कळलं तेव्हा सगळी फाटी स्वतः कापून पुन्हा जोडली. तिनं सांगायच्या आत.

राधाकिशन आबा आले ते गाडीचं दार उघडं टाकूनच. ट्रस्ट त्यांचा, जमीन त्यांची, पाहुणेही त्यांचेच. ठोक्याची बातमी त्यांच्यापर्यंत फोनवरून पोचली होती आणि पोचता पोचता तिचा स्फोट झाला होता. काय झालं ते त्यांनी योगिताला विचारलं, तिनं दोन वाक्यांत सांगितलं, आणि त्यातला ‘कॉक बंद होता’ एवढाच भाग त्यांनी उचलला. कॉक उघडायचं काम कुणाचं होतं? धुळाजीचं. मग धुळाजीनं उघडला होता का?

‘उघडलता आबा. सकाळी सातला, पयलं कामच त्ये.’

‘मग काय भुतानं लावला काय बे? ही तुझी उसाची पाइपलाइन न्हाई. माणसं मेली असती.’

आबा बोलत राहिले. असल्या माणसाला रुग्णालयाच्या कामावर घेतलंच कुणी, आजपासून हा इथं दिसायला नको, ठेकेदाराला मी सांगतो, इतर ठिकाणीही सांगतो. धुलाईच्या बायका व्हरांड्यासमोरच्या चिंचेखाली दाटीवाटीनं उभ्या होत्या. दगडाबाई त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या. जुन्या दवाखान्यात चौदा वर्षं रक्ताच्या चादरी हातानं धुतलेल्या, बोटांची कातडी कायमची पांढरी पडलेल्या. आमच्यातल्या कुणी त्या दांडीला हात लावला नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मग आबांनी पुन्हा धुळाजीकडं पाहिलं आणि धुळाजीनं जमिनीकडं. योगिताला त्याचे ओठ हलताना दिसले. तो सातपासूनच्या सगळ्या कामांची स्वतःशी उजळणी करत होता. काटा दीडवर आला होता.

ती पुन्हा चालू लागली. ठोका अजून तिच्या दाढांत होता. हा आवाज आपण आधी ऐकलाय, असं तिला मघापासून वाटत होतं आणि आता चालताना ते हाती लागलं. गेवराईच्या पुढं, गोदावरीच्या काठाला, ती नऊ वर्षांची असताना. तिचा बाप म्हाळू दीडशे मेंढरं घेऊन नदीला उतरत होता. वाळू उपसणाऱ्यांनी रातोरात खड्डा करून उताराची वाट अरुंद करून टाकली होती आणि खाली तिला एकदम वळण दिलं होतं. पाण्याच्या वासानं कळप सुटला. पुढची मेंढरं वळणावर अडखळली, मागच्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि अंगावर अंग आदळल्याचा एक बोजड, मऊ, भयंकर आवाज झाला. सात मेली. त्यानंतर म्हाळू कळपाच्या मागं कुणाला हाकारा घालू देत नसे. अरुंद जागा आली की स्वतः पुढं उभा राहून दहा-दहा जनावरं सोडी. पुढं अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर पाइप काढून आत धावणारं पाणी दाखवलं, तेव्हा शेजारच्या मुली वहीत उतरवून घेत होत्या आणि योगिताच्या अंगावर काटा आला होता. हे मला माहीत आहे, असं तिला बाकावर उभं राहून सांगावंसं वाटलं होतं. त्या तासालाच तिनं वाफ धरली. सगळ्यांना ते कोरडं काम वाटे. तिला त्यात कळप पळताना ऐकू येई. आणि आज, वीस वर्षांनी, तोच आवाज तिनं स्वतः मांडलेल्या पाइपातून आला होता. ती घाबरली नव्हती, कारण यावेळी तिला वाट दुरुस्त करता येणार होती. फक्त कॉक कुणी बंद केला ते कळायला हवं होतं.

बापाचा आज सकाळी फोनही आला होता. तेव्हा ती इथंच होती, धुलाईघरात एकटी, सव्वाआठच्या सुमारास. बाप कुठल्याशा माळावर होता, वारं फोनमध्ये घोंघावत होतं. तिकडं पाणी हाय का, असं त्यानं नेहमीप्रमाणे आधी विचारलं. ती हसून म्हणाली होती, हाय. मग त्यानं कुठल्या तलावात किती उरलंय ते सांगितलं. ती ऐकत होती. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, डाव्या हातात कागदांची फाइल. आणि मग एक बारीकसं समाधान वाटलं होतं.

ती थांबली.

कसलं समाधान? तिला आधी ते समाधानच आठवलं, नुसतं, कारणाशिवाय. काहीतरी वेळेवर थांबवल्याचं. मग कान आठवले: टप, टप, टप, आणि नंतर शांत. मग मनगट. मनगटाला तो पाव वळसा जसाच्या तसा आठवत होता, गार लोखंडाची दांडी, तळव्यात बसलेली तिची कड, वर पोचायला उलटी ठेवलेली बादली, टाचा उचललेल्या. कालच्या पाण्याच्या चाचणीतलं उरलेलं पाणी उघड्या कॉकमधून नव्या फरशीवर थेंबथेंब गळत होतं आणि ते तिनं बंद केलं होतं. पाहिलंसुद्धा नव्हतं. बापाशी बोलत बोलत, जसं तिनं आयुष्यभर गळणारं पाणी बंद केलं होतं: शाळेतल्या टाकीचं, बसस्थानकावरचं, पुण्याच्या वसतिगृहात रात्री अंथरुणातून उठून दुसऱ्यांच्या न्हाणीघरांतलं. त्याबद्दल पोरी तिला हसत. गळतं पाणी दिसलं आणि हात गेला नाही, असं तिला कधी झालंच नव्हतं. बीडमध्ये आणखी कुणाला तसं झालेलंही तिनं पाहिलं नव्हतं.

कुणीही पाहिलेलं नाही, हा विचार तिच्या मनात आला. तो पूर्ण आला, पाय पसरून बसला, त्यानं तिला सही केलेला कागद दाखवला, कोपऱ्यातलं नाव दाखवलं. धुळाजीला दुसरं काम मिळेल, असंही म्हणाला. तिनं धुळाजीकडं पाहिलं. तो आता आबांना काहीतरी सांगत होता आणि त्याचा आवाज बदलला होता.

‘उघडलता,’ तो म्हणाला, ‘मला वाटतंय उघडलता. आता तुमी म्हंताव तर... राहिलं बी आसंल माज्याकून.’

हे ऐकवेना. नकाशा, सही, नाव यांच्यातलं काहीही त्या ‘राहिलं बी आसंल’इतकं जड नव्हतं. ज्याला आपण उघडल्याचं पक्कं माहीत होतं, तो माणूस तिच्या डोळ्यांदेखत स्वतःवरचा विश्वास सोडून देत होता.

‘आबा, कॉक मी बंद केला,’ ती म्हणाली. ‘सव्वाआठला. फोनवर बोलत होते. पाणी गळत होतं म्हणून.’

आबांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. धुळाजीनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेआधी राग येऊन गेला, आणि तो तिला योग्यच वाटला. चिंचेखालून दगडाबाई तेवढ्या हसल्या.

‘पानी गळताना दिसल्यावर काय करायचं मंग? मी बी केला असता की.’

योगिताच्या डोक्यात काहीतरी खळ्ळकन फुटलं. ती दगडाबाईंकडं वळली आणि पुन्हा सांगा म्हणाली. दगडाबाईंनी पुन्हा सांगितलं. दुसरी म्हणाली, तिनंही केला असता. धुळाजी खाली बघत म्हणाला की सातला उघडतानाच त्याचं मन खात होतं, थेंब पडायला लागला तेव्हा तो दोनदा मागं वळला होता. अजिनाथनं तर बॉयलरघरातल्या गळक्या नळीखाली डबा लावून ठेवलेला होता आणि ते पाणी तो तुळशीला घालत होता. योगिताला एकदम मोठ्यानं हसू आलं. चूक तिच्या हाताची होतीच, पण त्याआधी ती नकाशाची होती. साऱ्या जिल्ह्याचा हात ज्या दांडीकडं आपोआप जाणार, ती दांडी तिनं बादलीवर चढलं की हात पोचेल अशी ठेवली होती, तिच्यातून उघड्यावर पाणी गळवलं होतं आणि बाजूला टीप लिहिली होती: बंद करू नये. ती टीप पुण्यात चालली असती. इथं ती माणसाला सवय सोड म्हणून सांगत होती, आणि जिच्या जिवावर इथं माणसं जगली, ती सवय माणसं कागदावरच्या एका ओळीसाठी सोडणार नव्हती.

काटा शून्यावर आला. तिनं पाइपाला तळहात लावून पाहिला, मग स्वतः शिडीवर चढली आणि दांडी उभी केली. कोमट पाणी बादलीत आलं, धुळाजीनं मोजलं: साडेसहा लिटर. ती बादली सगळ्यांनी वाकून पाहिली. एवढंसं, असं कुणीतरी म्हणालं.

आबांचं म्हणणं सरळ होतं आणि ते त्यांनी गोड आवाजात मांडलं. कारण सापडलं, चूक कबूल झाली, धुळाजीचं काम राहू द्या, विषय इथंच मिटला. आता कॉक उघडा आहे. चालवा, सही करा, चार वाजता पाहुणे आहेत. पुन्हा कोण बंद करणार?

‘कुणीही,’ योगिता म्हणाली. ‘तुम्हीसुद्धा.’

तिनं फॉर्म काढला आणि ‘वापरास सुरक्षित’ ही ओळ खोडली. कारणाच्या रकान्यात लिहिलं की निचरा हातावर अवलंबून आहे, हा दोष आराखड्याचा, आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. आबांनी तिच्यासमोरच तिच्या साहेबांना फोन लावला आणि बराच वेळ ऐकवलं. मग फोन तिच्याकडं आला. साहेबांनी विचारलं की आजच्या दिवसापुरतं काही करता येणार नाही का. नाही, असं ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला धाप लागली आहे, पळून आल्यासारखी. तुझं नाव आहे, तू ठरव, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पुढचं काम तिला मिळेल की नाही, ते त्यात नव्हतं.

दगडाबाईंनी विचारलं, किती दिवस. तेरा-चौदा, ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला लाज वाटली, कारण ते तेरा-चौदा दिवस त्या पांढऱ्या बोटांनी भरायचे होते. दगडाबाईंनी सोडा कुठं ठेवलाय ते एकीला विचारलं आणि जुन्या हौदाकडं चालू लागल्या.

यंत्राच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून योगितानं तिथंच फरशीवर बसून नवा निचरा काढला. थंड असताना आपोआप उघडा राहणारा आणि वाफ लागली की आपोआप मिटणारा ट्रॅप. त्यातून पुढं बंद पाइप, कुठंही उघडं तोंड नाही, थेंब नाही, आवाज नाही. आणि ते पाणी परत बॉयलरच्या टाकीत. एक थेंब वाया नाही. आधीच असं का मांडलं नाही, हा प्रश्न मध्येच येई आणि तिची पेन्सिल त्याच्यावरून निघून जाई. धुळाजी उकिडवा बसून पाहत होता. परतीचा पाइप भिंतीतून कुठून न्यायचा ते त्यानं बोटानं दाखवलं, ते तिच्या जागेपेक्षा बरं होतं. मग तो म्हणाला की म्याडम, दांडी काढूनच टाकू, दिसायलाच नगो. आणि दोघांनाही एकदम घाई झाली.

तेराव्या दिवशी सकाळी पाहुणे नव्हते. आबाही नव्हते, त्यांनी निरोप पाठवला होता की झालं की कळवा. पाइप रात्रभर थंड ठेवलेला होता, मुद्दाम, सगळ्यात वाईट सुरुवात मिळावी म्हणून. योगितानं बायकांना व्हरांड्यात थांबवलं आणि ती वळणाखाली एकटी उभी राहिली. दगडाबाई आत आल्या. तिनं त्यांना बाहेर जायला सांगितलं, दोनदा सांगितलं. त्या येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, पदर खोचला.

‘उद्यापसून मलाच हितं ऱ्हायचंय. तू तर जाशील.’

तिनं हात वर केला, धुळाजीनं हाळी दिली, अजिनाथनं व्हॉल्व्ह पाव वळसा फिरवला. ती ऐकू लागली. तिचं सगळं अंग कान झालं होतं. दाढा, मनगटं, पायांचे तळवे. छताखाली पाइप तापून किंचित लांब झाल्याची बारीक कुरकुर आली, एवढीच. भिंतीच्या आत कुठंतरी पाणी वाहत असावं, पण ते कुणाला दिसत नव्हतं आणि कुणाचाही हात कुठं जात नव्हता. दगडाबाई यंत्राकडं गेल्या, चाचणीसाठी आत टाकलेली, आता गरम झालेली चादर बाहेर ओढली आणि तिच्यात तोंड खुपसलं.

मग बॉयलरघरातून अजिनाथची हाक आली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून चार मिनिटं झाली होती आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं.

‘पोचली का वोऽ?’

‘पोचली,’ दगडाबाई चादरीतून म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बाहेर गेला नाही, म्हणून योगितानं दारात जाऊन ते ओरडून सांगितलं. आणि मग, गरज नसताना, आणखी एकदा.